अळीचं बटण

आमच्याकडच्या कीबोर्डवर एकच्या आकड्याच्या डावीकडे, अगदी कोपऱ्यात, एक बटण असतं. त्यावर वळवळीत रेघ काढलेली असते, म्हणून सगळे त्याला अळीचं बटण म्हणतात. एकदा दाबलं की थाई उमटतं, पुन्हा दाबलं की इंग्रजी. बटणं तीच, बोटं तीच. अळी दाबायला विसरलात की लिहायला जाता थाई आणि पडद्यावर सांडतो इंग्रजी अक्षरांचा कचरा. मान खाली घालून चार ओळी बडवायच्या आणि वर बघून कपाळाला हात लावायचा, हे या देशात ज्याच्या हातून झालं नाही असा माणूस मला दाखवा. हसून सोडून द्यायची गोष्ट. चौतीस वर्षं मीही हसतच होते.

लाप्लेच्या तालुका कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पडवीत माझं टेबल आहे. मी अम्फाय. लोकांचे अर्ज टाइप करून देते. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे, पण शिस्त टाइपरायटरचीच: डोळे कागदावर, बोटं बटणांवर, पडद्याकडे बघायचं नाही. जो सारखा वर बघतो त्याला टायपिंग येत नाही असं माझं म्हणणं, आणि ते मी येईल त्याला ऐकवते. कुणी विचारलेलं नसलं तरी ऐकवते.

बुप्फा माझी धाकटी बहीण. तिची एकुलती एक पोर पुई. तिला मीच शिकवलं. तिच्या हातांवर रुमाल टाकायचे आणि समोर पट्टी घेऊन बसायचे. सहा महिन्यांत पोरगी रुमालाखालून माझ्यापेक्षा जलद जायला लागली. वळण मात्र माझंच. अर्जात 'माननीय' लिहून झालं की दोन जागा सोडायच्या, मग मजकूर. पुई मला फोनवर चार शब्द लिहायची तरी आधी 'पा' लिहून दोन जागा सोडायची. पा म्हणजे आमच्यात आईची थोरली बहीण.

गेल्या पावसाळ्यानंतर सीमेवरच्या मे सोत गावात टायपिंगची नोकरी निघाली. राहणं-खाणं फुकट आणि पगार असा की आमच्या तालुक्याच्या साहेबानं लाजावं. बुप्फा नको म्हणत होती. मीच तिला गप्प केलं. एवढा हात चालतो पोरीचा, इथं बसून काय हरवलेल्या ओळखपत्रांचे अर्ज बडवत बसणार का, असं मीच म्हटलं. नोकरीचा अर्जही मीच टाइप केला, एकही चूक न करता. पहिल्या आठवड्यात पुईचा फोन आला, मी मजेत आहे. दुसऱ्या आठवड्यात आला, तेच वाक्य, त्याच सुरात. मग फोन बंद. ठाण्यावर गेलो तर साहेब म्हणाले, मुलगी सज्ञान, स्वतःच्या पायांनी गेली, स्वतःच्या तोंडानं मजेत आहे म्हणाली, आम्ही लिहून काय घेऊ? त्या दिवसापासून बुप्फा माझ्याशी बोलेना. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सत्तेचाळीस दिवसांनी, एका सोमवारी सकाळी, माझ्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर कुणा डॉक्टर हेन्रीचा निरोप आला. फोटोत गोरा, पांढऱ्या केसांचा, गळ्यात स्टेथोस्कोप. असले हेन्री आम्हा एकट्या बायकांना रोज येतात. दोन दिवस गुलाबाची फुलं पाठवतात, तिसऱ्या दिवशी हात पसरतात. मी तो पुसायलाच निघाले होते, पण त्यात गुलाब नव्हता. एवढंच होतं:

xhk  =j;pfh;p

झेरॉक्सवाला म्हणाला, डॉक्टरसाहेबांचं मांजर चाललं असेल कीबोर्डवरून. मीही हसले. मग पहिल्या तीन अक्षरांनंतरच्या दोन जागा दिसल्या. मी अळी दाबली आणि तीच बटणं त्याच क्रमानं, एकेक करून दाबली. वर बघायचा धीर होईना. बघितलं तर पडद्यावर थाईत होतं, 'पा, वाचव मला.'

पुढच्या दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी सगळं कळलं. तिला सीमेवरच्या नदीपलीकडे, दुसऱ्या देशात नेलं होतं. मोठ्या दालनात शंभर टेबलं. प्रत्येकानं हेन्री व्हायचं आणि कुठकुठल्या देशांतल्या एकट्या माणसांना गळाला लावायचं. मालक चिनी. कॉम्प्युटरवर थाई ठेवलेलंच नाही, बटणांवरही थाई अक्षर नाही, अळी दाबून उपयोग नाही. पण पुईला बटणांवरची अक्षरं कधी लागलीच नव्हती. जो काय मजकूर जातो-येतो तो मालकाच्या यंत्रावर आपोआप चिनीत होऊन दिसतो, पण कचऱ्याचा चिनीतही कचराच होतो. त्याच्या लेखी मी म्हणजे हेन्रीनं पकडलेली एक खुळी म्हातारी. मी उत्तरही तसंच द्यायचं होतं, मनात थाई आणि पडद्यावर इंग्रजी. थाईतला एक शब्द जरी तिथं दिसला तरी पोरगी संपली.

आणि टेबलांमागून फेऱ्या मारणारा मुकादम आमचाच, थाई. त्याच्या हातात वायरीचा जाड तुकडा असतो. पुईनं लिहिलं होतं, 'तो मागे आला की मी इंग्रजी लिहिते. तू घाबरू नकोस.' पोरगी मला धीर देत होती.

मे सोतला विरोत म्हणून एक माणूस आहे. पूर्वी ट्रक चालवायचा, आता अशी अडकलेली माणसं नदीपार काढतो. त्याचा नंबर मिळवायला मला दीड दिवस लागला. फोनवर तो मोजकंच बोलला. पलीकडे सत्तर इमारती आहेत, नुसतं 'नदीपलीकडे' म्हणून त्याला काही करता येणार नव्हतं. इमारत कुठली, मजला कितवा, खिडकीतून काय दिसतं आणि माणसं बाहेर कधी आणतात, एवढं त्याला हवं होतं. मी म्हटलं, विचारते, पण वेळ नाही. ज्यांच्या गळाला मासे लागत नाहीत त्यांना शुक्रवारी डोंगरातल्या दुसऱ्या जागी नेणार आहेत, आणि पुईचं नाव त्यात आहे.

"डोंगरात गेलेलं माणूस मला अजून एकही सापडलेलं नाही, ताई," विरोत म्हणाला.

बुधवारी सकाळी मी काय विचारायचं ते कागदावर नीट लिहून काढलं. माझे आधीचे निरोप दोन-तीन शब्दांचे होते, हे लांब होतं. पडद्यावर इंग्रजी आहे ना ते बघून घेतलं आणि बोटं ठेवणार तेवढ्यात देवळाच्या कमिटीचे म्हातारबुवा आले. जत्रेत कर्णे लावायला परवानगी हवी होती, साहेब दहाला निघून जाणार होते. नाही म्हटलं असतं तर तिथंच बसून तासभर कारण विचारलं असतं त्यांनी. मी अळी दाबली, त्यांचा अर्ज पाच मिनिटांत करून हातात दिला आणि पुन्हा माझा कागद पुढं ओढला. डोळे कागदावर, बोटं बटणांवर. 'पुई, इमारतीचा नंबर, मजला, खिडकीतून काय दिसतं ते लगेच सांग. बाहेर कधी आणतात तेही. विरोतची माणसं तयार आहेत.' शेवटचं बटण दाबलं, निरोप गेला, आणि मी वर बघितलं.

स्वच्छ, सुंदर, एकही चूक नसलेलं थाई.

अख्खा देश थाई लिहायला जाऊन कचरा लिहितो. मी कचरा लिहायला गेले आणि थाई लिहून बसले. म्हातारबुवांच्या अर्जासाठी दाबलेली अळी मी परत दाबलीच नव्हती. माझ्या डाव्या करंगळीनं कंट्रोल दाबलं आणि दुसऱ्या बोटानं झेड. पुन्हा दाबलं. वीसदा दाबलं असेल. अर्जातली चूक त्यानं मागं येते, गेलेला निरोप येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत खाली बारीक अक्षरांत उमटलं, 'वाचलं'.

त्या निरोपात पुईचं नाव होतं. विरोतचं होतं. ती आत्ता या क्षणी कुठं असेल, वायरीचा तुकडा कुणाच्या हातात असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. हेन्रीच्या फोटोशेजारचा हिरवा ठिपका विझला.

दुपारी बुप्फा चिकट भाताचा डबा घेऊन आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "काही आलं का गं तिचं?" मी नाही म्हटलं. तिला खरं सांगायची माझी छाती झाली नाही. तिनं डबा उघडून माझ्यापुढं ठेवला आणि मी तिच्यासमोर तो भात गिळला, एकेक घास.

त्या दिवशी काही आलं नाही. मी ना धड झोपले ना जागी राहिले. गुरुवारी सकाळी सातला, झेरॉक्सवाल्यानं अजून शटरही उघडलं नव्हतं, तेव्हा हिरवा ठिपका लागला आणि कचऱ्याच्या पाच ओळी आल्या. बघताक्षणी कळलं, हे पुईचं लिहिणं नाही. दोन जागा नव्हत्या. नको तिथं मोठी अक्षरं घुसली होती, म्हणजे लिहिणाऱ्याला शिफ्ट वेळेवर सोडता येत नव्हतं. दोन बोटांनी लिहिणारा माणूस. मी अळी दाबली, पुन्हा पुन्हा वर बघून खात्री केली आणि एकेक अक्षर लावत गेले.

'मी तिच्या टेबलांचा मुकादम. तुझं कालचं थाई मालकाच्या आधी माझ्या नजरेला पडलं. मी पुसून टाकलं. परत असं करू नकोस. तुम्हा दोघींचा कचरा मी पहिल्या दिवसापासून वाचतोय.'

वाचणारच. आम्ही दोघी ज्याला कुलूप समजत होतो त्याची किल्ली प्रत्येक थाई माणसाच्या बोटांत आहे, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? चौतीस वर्षं टायपिंग करून अक्कल शून्य. पुढं लिहिलं होतं, 'चौदा नंबर. निळं छप्पर, तिसरा मजला, समोर पाण्याची टाकी, मागे नदी. शुक्रवारी नाही, आजच नेणार. दुपारी चार, मागचं फाटक. गाडी येण्याआधी दहा मिनिटं फाटकावर मी एकटा असतो.'

मी विरोतला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. त्यानं मला फाटक आणि वेळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाला की हा सापळा असू शकतो. मालकानं काल पोरीला बोलतं केलं असेल आणि आज त्याला नदीकाठी बोलावून घेत असतील. असं याआधी झालं होतं, आणि त्यात त्याचा एक नावाडी गेला होता.

"मी काही त्या पोरीला ओळखत नाही, ताई. तुम्ही ओळखता," तो म्हणाला. "दोन माणसं पाठवायची आहेत, दोघं लेकुरवाळे. तुम्ही हो म्हणा, पाठवतो."

मी काय म्हणणार होते? हो म्हटलं आणि सापळा असला तर दोन घरं बसली. नाही म्हटलं तर पुई डोंगरात. मी त्याला थांबायला सांगितलं. मग पडद्यावर इंग्रजी आहे ना ते बघितलं, दर अक्षराला वर बघितलं, शिकाऊ पोरींना ज्यासाठी पट्टी मारली तेच सगळं केलं आणि मुकादमाला लिहिलं, 'पुईला एक ओळ लिहू दे.'

अकरा मिनिटं गेली. भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोरच होतं म्हणून सांगते. मग ओळ आली. पहिली तीन अक्षरं, दोन जागा, मग मजकूर, एक शिफ्ट इकडची तिकडं नाही. 'पा, यानंच मला मारलं, दोनदा. पण आता खरं बोलतोय. पाठव.'

ती ओळ मी आजवर कुणाला दाखवलेली नाही. फोन उचलला आणि विरोतला म्हटलं, पाठव.

फोन ठेवते तोवर मुकादमाचा आणखी एक निरोप आला होता. त्याचं नाव चोत. त्याची आई फ्रे गावच्या बसथांब्याजवळ शेवयांचा गाडा लावते, छत्री हिरवी. 'मी कुठे आहे ते तिला सांगू नकोस. नुसती जा, एक वाटी खा, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते बघून मला कळव.' मी लिहिलं, तूही निघून ये ना त्यांच्याबरोबर. त्यावर त्याचं उत्तर आलं, 'मग फाटक कोण उघडेल?' आणि ठिपका विझला.

चार वाजले. पाच वाजले. कचेरी सुटली, साहेबांची गाडी गेली. मी बुप्फाला बोलावून घेतलं आणि शेवटी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिनं मला मारलं नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होते. मनात मी पुईचं काय काय बघत होते ते लिहवत नाही. एकदा फोन वाजला, तो कर्णेवाल्या म्हातारबुवांचा होता, परवानगी मिळाली म्हणून. पावणेनऊला पुन्हा वाजला. विरोतचा नंबर होता आणि आवाज त्याचा नव्हता.

"पा, मी नदीच्या अलीकडे आले," पुई म्हणाली.

बुप्फानं माझ्या हातातून फोन घेतला आणि नुसतं रडली, पोरगी पलीकडून आई, आई करत राहिली.

पुई घरी आली त्याला महिना झाला. पाठ बरी होते आहे. उजव्या हाताची दोन नखं अजून यायची आहेत. दुपारी माझ्या शेजारी येऊन बसते, पण कीबोर्डला हात लावत नाही, आणि मी लाव म्हणत नाही. चोतबद्दल विचारलं की विषय बदलते. एकदाच बोलली. फाटकाशी तो तिच्यावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, शिव्या घातल्या, धक्का दिला. तो धक्का नदीच्या बाजूला होता. मग हळूच म्हणाली, "पा, तिथं पुसलेलंही मालकाच्या यंत्रात राहतं. महिनाअखेरीला काढून बघतात." चोतनं माझं काय पुसलं होतं ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तिनं हे सांगितलं त्याच आठवड्यात मी फ्रेला गेले. हिरवी छत्री लगेच सापडली. बाई बारीक, माझ्याच वयाची, हाडांचा रस्सा असा की मी दोन वाट्या खाल्ल्या. वाटी आणायला उठताना गाड्याची कड धरायची, पण चालत होती. मी आपणहून गुडघ्यांचा विषय काढला. मलम लावते म्हणाली, मुलानं पाठवलेलं होतं, संपत आलंय. मुलगा बोटीवर आहे, बोटीवर फोन लागत नाहीत, दीड वर्ष झालं. मला राहवलं नाही. माझी एका बोटवाल्याशी ओळख आहे, निरोप पोचवते आणि उत्तर आणते, असं मी बोलून गेले. तिनं माझ्याकडून वाट्यांचे पैसे घेतले नाहीत.

परत आल्या आल्या टेबलाशी बसले. पुई शेजारी होती. पडद्यावर इंग्रजी बघितलं, मग एकेक अक्षर बघत हेन्रीच्या नावावर चोतला लिहिलं, 'आई चालते. कशाचा तरी आधार लागतो, पण चालते. मलम संपत आलंय.' पाठवलं. हिरवा ठिपका लगेच लागला. 'वाचलं' असं उमटलं. पुईनं माझा दंड धरला. आम्ही दोघी वाट बघत राहिलो, आणि उत्तर आलं ते थाईत होतं. कचरा नाही. सरळ, सुवाच्य, वाक्यागणिक आदराचा शब्द असलेलं थाई.

'नमस्कार मावशी. या टेबलावरचा माणूस बदलला आहे. आपण इतका त्रास घेऊ नये, थाईतच लिहावं, मला उत्तम वाचता येतं. आपण कोणाच्या आईबद्दल लिहीत आहात? त्या कुठे राहतात?'

पुई उठून आत गेली. मी भिंतीतली वायर ओढली, पडदा काळा झाला. फ्रेच्या बाईला मी उत्तर घेऊन येत्या गुरुवारी येते म्हणून सांगितलं आहे. बस सकाळी साडेसहाची आहे. मलम मी घेऊन ठेवलंय.